दुकान ऑनलाइन जोडायला दोन दिवस, सोडवायला साडेतीन महिने

पाचपैकी तारे द्या म्हणाल तर मला तीन ठिकाणी वेगवेगळे द्यावे लागतील. सेवा सुरू करून देण्याचे पाच, चालवण्याचे तीन आणि बंद करून देण्याचा एक. तो एकसुद्धा कंपनीला नाही, शेवटच्या महिन्यात फोनवर भेटलेल्या एका मुलीला. "मॅडम, ते बटण मला पण सापडत नाहीये," असं तिने सरळ कबूल केलं.

माझं कागद, पेनं, रंग आणि चित्रकलेच्या सामानाचं दुकान आहे. मी आणि माझा भाचा, एवढीच माणसं. सेवा कसली, तर आपल्या दुकानातला माल त्यांच्या ॲपवर चढवायचा, गिऱ्हाइकाने तिथे ऑर्डर द्यायची आणि आपण सामान बांधून ठेवायचं. कुणी स्वतः येऊन घेऊन जातं, कुणाकडे त्यांचा पोरगा पोचवतो. पैसे आधी त्यांच्याकडे जमा होतात आणि कमिशन कापून दर आठवड्याला आपल्या खात्यात येतात. नाव लिहीत नाही. आमचा हिशेब मिटलाय, आणि नंतर मी याच धाटणीच्या आणखी चार सेवांचे करार बसून वाचले, ते सगळे सख्खे भाऊ शोभावेत असे निघाले.

एकोणीस महिने वापरली. सुरुवात खरंच झकास होती. दोन मुलं आली, दोन दिवस दुकानात ठाण मांडून बसली आणि ११४० वस्तूंचे फोटो काढून, बारकोड वाचून सगळा माल चढवून गेली. ज्यांच्यावर बारकोड नव्हता त्यांचे आकडे भाच्याने पुठ्ठ्यांवरून हाताने टाकले. तेव्हा कळलं की बारकोडच्या तेरा आकड्यांतला शेवटचा हा आधीच्या बारांवरून गणिताने ठरतो. त्यामुळे मध्ये एखादा आकडा चुकला की प्रणाली तो घेतच नाही. भाचा वैतागायचा, मला मात्र ते भारी आवडलं. आमच्या वहीत चुकीचा आकडा कधी ओरडला नाही.

दुसरा फायदा असा की माल मोजून झाला. वरच्या फळीवर टाकांच्या निबांचे अकरा डबे निघाले, जे मी संपले समजून दोनदा नव्याने मागवले होते. आणि रात्रीच्या ऑर्डरी! रात्री नऊ ते बारा. मुलाला दहा वाजता आठवतं की उद्या शाळेत आलेखाचे कागद न्यायचेत. आईबाप ॲपवर ऑर्डर टाकतात आणि सकाळी शाळेत जाताना उचलतात. शटर खाली असताना झालेला हा धंदा ॲपशिवाय झाला नसता, हे मी कबूल करते. चालवण्याचे जे तीन तारे दिलेत, त्यातले दोन या रात्रीच्या ऑर्डरींचे.

चौथ्या महिन्यात पहिला खडा लागला. जलरंगाचा जाड कागद दोन तऱ्हेचा येतो. एक दाणेदार, ज्याला कोल्ड प्रेस म्हणतात, आणि दुसरा गुळगुळीत, हॉट प्रेस. दोन्ही ३०० जीएसएमचे, म्हणजे सारख्याच वजनाचे, एकाच आकाराचे, एकाच कंपनीचे, पुठ्ठ्याचं चित्रही जवळपास तेच. कंपनीच्या कुठल्याशा टेबलावर कुणीतरी "एकच वस्तू दोनदा आलीय" म्हणून या दोन नोंदी जोडून टाकल्या. मला विचारलं नाही, कळवलं नाही. एक बाई दाणेदार मागवून गुळगुळीत घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पॅड घेऊन परत आल्या. वरचा कागद वापरलेला होता. त्यांनी तो उन्हाकडे धरून मला दाखवला: आकाशाचा निळा रंग पसरायचा सोडून डबक्यासारखा एका जागी साचलेला, कडेला गडद रेघ. "तुम्हाला माहीत असायला हवं होतं," म्हणाल्या. मला माहीत होतंच. माझ्या फळीवर दोन वेगळे गठ्ठे होते. ॲपवर एकच होता. पॅड बदलून दिलं, तोटा माझा. ॲपवर एक तारा पडला, तोही माझ्याच नावावर.

त्या दोन नोंदी पुन्हा वेगळ्या करून घ्यायला पाच आठवडे गेले. आमचा अकाउंट मॅनेजर, म्हणजे आमचं खातं सांभाळणारा कंपनीचा माणूस, तेवढ्यात बदलला होता. एकोणीस महिन्यांत तिघे झाले. प्रत्येक नवा माणूस पहिल्या फोनवर "तुमच्या दुकानाबद्दल थोडं सांगा ना" म्हणायचा आणि मी मनात म्हणायचे, तुमच्याकडे ११४० फोटो आहेत, बघा ना.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. कुरकुर कुठल्या धंद्यात नाही? सोडायचं ठरलं ते हिशेबाने, आणि तो हिशेब करायला मी वर्षभर उशीर केला. त्यांचा डॅशबोर्ड उघडला की वर चढणारी हिरवी रेघ दिसायची. या महिन्यात ऑर्डरी इतक्या, गेल्या महिन्यापेक्षा इतक्या जास्त. मीही ती बघून खूश. पण गल्ल्यावरची वर्दळ कमी होतेय हे मला जाणवत होतं, आणि महिनाअखेरचा एकूण आकडा जवळपास तिथेच होता.

मग एका रविवारी वही घेऊन बसले. शंभराचा माल विकला तर माझी खरेदी सत्तरची. दुकानात विकला तर तीस उरतात, त्यातून भाडं, वीज, भाच्याचा पगार. ॲपवरून विकला तर बारा कमिशन, पैसे भरण्याच्या यंत्रणेचे दोन, तीन पिशवी-चिकटपट्टीचे. सतरा गेले, उरले तेरा. तेरा वाईट नाहीत, पण केव्हा? गिऱ्हाईक नवं असेल तेव्हा. जो माणूस एरवीही माझ्याच दुकानात आला असता तो ॲपवरून आला, तर मी तेरा कमावले नाहीत, सतरा घालवले. नव्यामागे तेरा मिळणार आणि जुन्यामागे सतरा जाणार. मग बरोबरी कुठे होते? शंभरातल्या सत्तावन्न ऑर्डरी खरोखर नव्या माणसांच्या असल्या पाहिजेत. त्याखाली जितक्या ऑर्डरी वाढतील तितका तोटा वाढेल आणि डॅशबोर्डवरची रेघ हिरवीच राहील.

नवे किती हे ॲप सांगत नाही. त्यांच्या लेखी "नवा ग्राहक" म्हणजे ॲपवर तुमच्याकडून पहिल्यांदा घेणारा. वीस वर्षं माझ्याकडे येणारे चित्रकलेचे एक सर त्या यादीत "नवा ग्राहक" म्हणून झळकत होते! फोन नंबर झाकलेले, नावाचा पहिला शब्द तेवढा दिसतो. तेव्हा आम्ही साधी युक्ती केली. ऑर्डर उचलायला येईल त्याला भाचा विचारायचा, "याआधी दुकानात आला होतात का?" आणि गल्ल्याशेजारच्या वहीत रेघ मारायचा. डावीकडे जुने, उजवीकडे नवे. सहा आठवडे.

डावीकडे ५५ रेघा. उजवीकडे २९.

मला वाटलं, हे जरा अन्यायाचं होतंय. उचलायला येणारे जवळचेच असणार, म्हणजे जुने जास्त निघणारच. म्हणून त्याच सहा आठवड्यांत घरपोच गेलेल्या ३१ ऑर्डरी एकूण एक नव्या धरल्या. त्यात मला दोन नावं ओळखीची दिसत होती तरीही धरल्या. झाले साठ, ११५ पैकी. बावन्न टक्के. कंपनीला जितकं झुकतं माप देता येईल तितकं देऊनही सत्तावन्नचा उंबरठा ओलांडला जात नव्हता. नवे आलेले पुढे आपसूक दुकानात येतात, असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्या एकोणतीसांतले सहा जण आले, हेही वहीत आहे. सहा जणांसाठी मी त्यांचे आभार मानते.

इथे मी शहाणपणा करून लगेच सोडलं, असं लिहायला आवडलं असतं. करार काढून पाहिला तर तो वर्षाचा होता, आपोआप पुढे चालू होणारा, आणि नको असेल तर मुदतीच्या साठ दिवस आधी लेखी कळवायचं होतं. माझं वही-प्रकरण आटोपलं तेव्हा मुदतीला बावीस दिवस उरले होते. म्हणजे आणखी एक वर्ष. सही करताना भाचा म्हणाला होता, "मावशी, वाचून घेऊ या." मी म्हटलं होतं, छत्तीस पानं कोण वाचतं. आता तो काही बोलत नाही, फक्त बघतो.

दार उघडलं ते त्यांनीच. अठराव्या महिन्यात ईमेल आला, विषय "आमच्या अटींमधील काही सुधारणा". तिसऱ्या परिच्छेदात सुधारणा अशी की कमिशन बारावरून पंधरा. माझी वही पुन्हा उघडली: आता नव्यामागे दहा मिळणार, जुन्यामागे वीस जाणार, म्हणजे तीनपैकी दोन ऑर्डरी नव्या हव्यात. पण त्या ईमेलच्या तळाला एक ओळ होती. बदल मान्य नसेल तर पंधरा दिवसांत कळवून करार संपवता येईल. ही ओळ त्यांनी प्रेमाने घातली नव्हती, हे मला मागाहून कळलं. युरोपीय संघाचा २०१९ चा ११५० क्रमांकाचा नियम आहे, १२ जुलै २०२० पासून लागू झालेला, खास अशा मंचांवर माल विकणाऱ्या व्यावसायिकांसाठी. अटी बदलायच्या तर किमान पंधरा दिवसांची सूचना द्यायची आणि त्या मुदतीत दुकानदाराला करार सोडायचा हक्क, हे त्यात आहे. मंचाने दुकानदाराला काढायचं असेल तर, काही अपवाद सोडता, तीस दिवस आधी कारणासह कळवायचं, हेही आहे. अनेक देशांत धंदा करणाऱ्या कंपन्या एकच मसुदा सगळीकडे फिरवतात, त्यामुळे ती ओळ माझ्यापर्यंत पोचली असावी. त्याच नियमाचं आठवं कलम तर मला कापून गल्ल्यावर चिकटवावंसं वाटतं. करार कसा संपवता येईल, आणि संपल्यावर तुमची माहिती तुम्हाला मिळणार की नाही, हे मंचाने अटींमध्ये लिहायला हवं, असं ते सांगतं. तो नियम आपल्याला लागू असो नसो, सही करायच्या आधी विचारायचे दोन प्रश्न आयते मिळतात.

मोठ्यांनाही हे सोपं गेलेलं नाही. खेळणी विकणारी टॉइज आर अस कंपनी ऑगस्ट २००० मध्ये ॲमेझॉनबरोबर दहा वर्षांच्या करारात शिरली, २००४ मध्ये कोर्टात गेली, २००६ मध्ये न्यायाधीशांनी करार मोडायला मुभा दिली आणि पैशांची तडजोड व्हायला २००९ उजाडलं. पुस्तकांच्या बॉर्डर्सने २००१ मध्ये आपली ऑनलाइन विक्री ॲमेझॉनकडे सोपवली, ती परत स्वतःकडे घेतली २००८ मध्ये, आणि २०११ मध्ये त्यांची दुकानंच बंद झाली. बाकीही कारणं होतीच त्यांची. तरी सात वर्षं आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दाराने यायला शिकलं की ते शिकणं उलटवणं किती जड, याची कल्पना मला माझ्या इवल्याशा दुकानावरून येते.

मी चार ओळींचा ईमेल लिहिला. अटींमधला बदल मान्य नाही, अमुक कलमानुसार करार संपवत आहे, शेवटचा दिवस अमुक, माझी वस्तूंची यादी आणि राखून ठेवलेली रक्कम याबद्दल लेखी कळवा. तक्रार एक शब्दही नाही. ही सूचना भाच्याची, आणि बरोबर होती. तक्रार लिहिली की समोरून "तुमची समस्या सोडवण्यासाठी आमची टीम संपर्क करेल" असं येतं आणि घड्याळ थांबतं. तरीही तिसऱ्या मॅनेजरचा फोन आलाच. दोन महिने बाराच ठेवतो म्हणाला. मी वहीतले आकडे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मॅडम, असं कुणी मोजत नाही."

खातं बंद करायचं बटण ॲपमध्ये असल्याचं मदतीच्या पानावर लिहिलेलं. ते नव्हतं. फोनवरच्या मुलीचा किस्सा इथला. शेवटी तिनेच आतून बंद केलं आणि बंद केल्याचा ईमेल स्वतःहून पाठवला. तो मी छापून ठेवलाय.

वस्तूंची यादी मिळाली, पण काय अवतारात! फाइल एक्सेलमध्ये उघडली तर सगळी मराठी नावं चित्रविचित्र चिन्हांचा खिचडा, आणि तेरा आकडी बारकोडांच्या जागी दशांशचिन्हाचा लांबट आकडा, पुढे "ई अधिक बारा". मी घाबरून ती तशीच जतन केली आणि बारकोडांचे शेवटचे आकडे कायमचे शून्य झाले. मूळ ईमेलमधली फाइल शाबूत होती म्हणून वाचले. अशी फाइल थेट उघडायची नाही, एक्सेलच्या आत मागवून घ्यायची, म्हणजे इम्पोर्ट करायची. मागवताना लिपीसाठी यूटीएफ-८ निवडायचं आणि बारकोडचा रकाना "मजकूर" म्हणून ठरवायचा, मग दोन्ही नीट येतं. फोटो मिळाले नाहीत. माझ्या दुकानात, माझ्या मालाचे, माझ्या टेबलावर काढलेले फोटो कराराप्रमाणे त्यांचे.

पैशांचं म्हणाल तर दर आठवड्याच्या रकमेतून पाच टक्के ते परताव्यांसाठी राखून ठेवत, आणि शेवटच्या ऑर्डरनंतर नव्वद दिवसांनी सोडत. याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. गिऱ्हाइकाने बँकेत वाद घातला तर तो मिटायला महिने लागतात. फक्त ती रक्कम आपली असली तरी हातात नाही, हे धरून चालायला हवं होतं. मी ती दर महिन्याला जमेत धरत होते. सूचना दिल्यापासून १०८व्या दिवशी ती आली, पैसा न पैसा पूर्ण. यावर बोट ठेवायला जागा नाही.

खरी फजिती क्यूआर कोडची. सुरुवातीला त्यांनी फुकट स्टिकर दिले: स्कॅन करा, घरबसल्या मागवा. आम्ही ते दारावर, काउंटरवर, काचेवर लावले आणि वर शहाणपणा म्हणून तोच कोड कागदी पिशव्यांवर छापून घेतला. करार संपल्यावर चौथ्या दिवशी एका मुलीने दुकानात उभी राहून फोन माझ्यापुढे धरला. काचेवरचा कोड स्कॅन केला होता. पडद्यावर: "हे दुकान सध्या उपलब्ध नाही. अशीच इतर दुकानं पाहा." खाली तीन दुकानं, फोटोंसकट. माझ्या दाराशी उभं राहून, माझ्या पिशवीवरून, माझं गिऱ्हाईक तिसऱ्याच्या दुकानात!

भाचा पातं घेऊन काचेवर तुटून पडला. मधला भाग खरवडून झाल्यावर गंमत म्हणून स्कॅन केलं तर कोड चालतोय. क्यूआर कोडची घडणच अशी की तो कसा बनवलाय त्यानुसार सात ते तीस टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून वाचता येतो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने तो बनवला तो कारखान्यातल्या सुट्या भागांवर नजर ठेवायला, आणि तिथे तेल-काजळी लागणारच. शेवटी कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन खरवडले तेव्हा कुठे त्याने मान टाकली. कोडमध्ये त्यांचा वेबपत्ता होता, आणि तो आपल्याला बदलता येत नाही. आता आम्ही स्वतःच्या नावाचा छोटा पत्ता घेतलाय, कोड त्यावर जातो आणि तिथून पुढे कुठे न्यायचं ते आम्ही ठरवतो. नकाशावर दुकानाच्या नावाखाली दिसणारं "ऑर्डर करा" हे बटणही त्यांच्याकडेच जात होतं. ते काढायला विसरले होते, अकरा दिवस.

मग ही सेवा घ्यावी का? दुकान नवीन असेल, कुणी ओळखत नसेल, तर घ्या. तिथे सत्तावन्नचा उंबरठा सहज ओलांडला जाईल, कारण जुनं गिऱ्हाईकच नाही. माझ्यासारखं वीस वर्षांचं दुकान असेल तर पहिल्या दिवसापासून गल्ल्याशेजारी रेघांची वही ठेवा आणि तुमच्या नफ्याचा उंबरठा तुम्हीच काढा, माझा सत्तावन्न तुमच्या कामाचा नाही. रात्रीच्या ऑर्डरी आम्ही आता दुकानाच्या नंबरवर मेसेजने घेतो. पूर्वीच्या निम्म्याच येतात. उचलायला येतात त्यांची नावं पूर्ण दिसतात.

पिशव्यांचं मात्र अजून संपलेलं नाही. बाराशे उरल्या होत्या, टाकवेनात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भाचा प्रत्येक पिशवीवरच्या जुन्या कोडवर नवा चिकटवत बसतो. आज सकाळपर्यंत सातशे वीस झाल्या.